महाल जपला, पाणी हरवले

१/ फराहबक्ष महालाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) हा महाल सलाबतखानाने १५८३ च्या सुमारास पूर्ण केला, तो तळ्याच्या मधोमध. आज दगड उभा आहे, तळे कोरडे आहे. हश्त बिहिश्त बागेचीही तीच कथा.

२/ यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे गाळ काढा, कडेला पदपथ बांधा, टँकरने पाणी भरा. या उपायाला माझा विरोध आहे. ते पुनरुज्जीवन नव्हे, रंगरंगोटी आहे.

३/ नगर पर्जन्यछायेत येते. नुसते तळे खोदून भागणार नाही, हे निजामशाहीतील जाणकारांना ठाऊक होते. म्हणून कापूरवाडी, शेंडी, भिंगार या बाजूंनी जमिनीखालून नहरी आणल्या. खापरी नळांतून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. तळे हे त्या व्यवस्थेचे शेवटचे टोक होते. उगमाकडचे पाणलोट उजाड झाले आणि नळ फुटले, की त्या टोकाला पाणी उरत नाही.

४/ ‘जुन्या गोष्टी आता पुन्हा उभ्या राहत नाहीत’, असे कोणी म्हणेल. त्याने भातवडीचा तलाव पाहावा. १६२४ च्या लढाईत मलिक अंबराने याच तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची कोंडी केली. पुढे इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, त्याची दुरुस्ती होऊन तो सिंचनासाठी वापरात आला.

५/ नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारने आधी डोंगर सावरला, चर खोदले, कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी बोअर घेण्यास मनाई केली. मग विहिरींना पाणी आले. गावाला उमगलेला हा क्रम शहराला का उमगू नये?

६/ शहराच्या नावावरून आपण वर्षानुवर्षे भांडलो. परंतु निजामशाहीने या शहरात नहरी आणल्या, आणि याच जिल्ह्यातील चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. दोन्ही वारसे पाण्याचे आहेत. नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पाण्याची जबाबदारीही घ्यावी.

७/ म्हणून मागणी साधी आहे. उरलेल्या नहरींचा माग काढून त्या शहराच्या विकास आराखड्यात नोंदवा. त्यांच्यावर बांधकाम होऊ देऊ नका. पाणलोट सावरा. गाळ त्यानंतर काढा.

८/ आणि आपण इतिहासाचे विद्यार्थी? पुढच्या वेळी महालाचे छायाचित्र टाकताना ‘कोणी बांधला’ एवढेच लिहून थांबू नका. ‘इथे पाणी कुठून येत होते’ हेही लिहा.