कॉपी जीनची करा, जर्नलची नको

मी साहित्याची विद्यार्थिनी. जीन क्लोनिंगवर मी लिहिणं काहींना आगाऊपणा वाटेल. पण माझी रूममेट बायोटेक्नॉलॉजीला आहे, आणि तिचं जर्नल पूर्ण करायला परवा मी मदत केली. मदत म्हणजे काय, तर सीनियरच्या जर्नलमधून ‘निष्कर्ष’ उतरवला! प्रयोग सरांनी एकट्याने करून दाखवला होता, बाकी सगळे भोवती उभे. दुसऱ्या दिवशी प्लेटवर एकही कॉलनी नव्हती. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांच्या कॉलनी छान वाढल्या.

क्लोनिंग म्हटलं की आपल्याला डॉली मेंढी आठवते. जीन क्लोनिंग वेगळं. जीवाणूत प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं. ते एन्झाइमने कापायचं, हवा तो जीन जोडायचा आणि कडं पुन्हा जीवाणूत घालायचं. जीवाणू वाढले की जीनच्या प्रतीही वाढतात. 1973 साली कोहेन आणि बॉयर यांनी हे करून दाखवलं. याच तंत्राने बनवलेल्या इन्सुलिनला 1982 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आज माझ्या आजीच्या फ्रीजमध्येही ते आहे.

आणि गंमत बघा. ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचलं तरी तेच, हे आपण शाळेत शिकलो. ईकोआरवन हे एन्झाइम जीएएटीटीसी या अक्षरांवर कापतं. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचा, तीच अक्षरं येतात! म्हणजे विषय आपल्या मंडळाचाही आहेच की.

खर्चाची अडचण खरी आहे. एन्झाइम महाग, ते उणे 20 अंशांवर ठेवावं लागतं. पण तयार प्लाझ्मिड जीवाणूत घालण्याच्या टप्प्याला लागतं काय? कॅल्शियम क्लोराइड, बर्फ आणि 42 अंशांचं पाणी. एवढं तरी चार-चार जणांच्या गटाने स्वतःच्या हाताने करावं. अँपिसिलिनला दाद न देणारे जीवाणू असलेली प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकायची नसते, ही शिस्तही आकृती काढून अंगी येत नाही.

आणि प्लेट कोरी राहिली तर? तसंच लिहू द्या. पेशी बर्फाबाहेर राहिल्या का? पाणी पुरेसं तापलं नव्हतं का? कंट्रोल प्लेट काय सांगते? या विचाराला मार्क द्या. आज मार्क मिळतात ते सुबक आकृतीला आणि ‘बरोबर’ उत्तराला. मग मुलं खोटं लिहितात, आणि तीच मुलं उद्या औषधाच्या कंपनीत रिपोर्ट लिहिणार.

मेंडेल मठात राहणारा ऑगस्टिनियन धर्मबंधू होता, हे आपल्यासारख्या कॉलेजांत अभिमानाने सांगतात. त्याने ब्रनोच्या मठात वाटाण्याची हजारो झाडं वाढवली आणि मोजली. उतरवून काढायला त्याच्याकडे सीनियरचं जर्नल नव्हतं.