परीक्षेत मिळणारा जास्तीचा वेळ वर्गातही मिळावा

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचं समीकरण संतुलित करायला सांगितलं, की कितीतरी मुलं पाण्याच्या सूत्रातच आणखी एक ऑक्सिजन घुसवतात. दोन्ही बाजूंचे अणू मोजले तर हिशेब चोख जुळतो. फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं. वहीवर लाल फुली पडते, वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो आणि हळू शिकणारं मूल तिथेच अडकून राहतं.

ग्लासगो विद्यापीठाचे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी 1991 च्या लेखात या अडचणीचं मूळ दाखवलं. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरची चिन्हं अशा तीन पातळ्यांवर रसायनशास्त्र एकाच वेळी चालतं. शिक्षक तिन्हींमध्ये सहज ये-जा करतात. नवख्या मुलाला मात्र एवढं सगळं एका दमात डोक्यात धरून ठेवणं जड जातं. अशा मुलाला ‘ढ’ ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

मधली, न दिसणारी पातळी पडद्यावर आणता येते, आणि डिजिटल साहित्याची खरी गरज तिथेच आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात समीकरणं संतुलित करण्याचं एक मोफत सिम्युलेशन आहे. त्यात मुलाला रेणूंची संख्या वाढवता-घटवता येते, रेणूच्या आतल्या अणूंना हात लावता येत नाही. अमोनिया बनवताना हायड्रोजनचे रेणू एकावरून तीनवर नेले की समोरचा तराजू हलताना दिसतो. चूक झाली तरी कुणी हसत नाही, आणि तेच दहा वेळा करून बघता येतं.

लंडनच्या क्रॉयडन भागासह इंग्लंडभर अनेक शाळा मुलांना कुवतीनुसार ‘सेट’मध्ये बसवतात. खालच्या सेटमधली मुलं बहुधा जीसीएसई या शालान्त परीक्षेत विज्ञानाचा फाउंडेशन, म्हणजे सोपा स्तर निवडतात. एकत्रित विज्ञानाच्या या स्तरावर जास्तीत जास्त 5-5 श्रेणी मिळते. ज्यांची गरज तपासणीतून सिद्ध होते, त्यांना परीक्षेत साधारण 25 टक्के जास्त वेळ मिळतो. मग हाच वेळ वर्षभर शिकताना का मिळू नये? कॉपर ऑक्साइड आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लापासून कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक करण्याचा प्रयोग घ्या. तो वर्गात सहसा एकदाच होतो. गाळण का करायचं, हे निसटलं तर निसटलंच. त्याच प्रयोगाचं छोटं चित्रीकरण हवं तिथे थांबवून पुन्हा पाहता येतं. ते प्रत्यक्ष प्रयोगाआधी आणि नंतर दाखवावं. प्रयोगाऐवजी दाखवू नये.

प्रयोगाची आणि शिकवण्याची जागा पडद्याने घेण्याचा धोका खरा आहे. खालच्या सेटला टॅब्लेट देऊन गप्प बसवणं सोपं असतं. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडॉवमेंट फाउंडेशननेही 2019 च्या मार्गदर्शिकेत बजावलं होतं, की तंत्रज्ञान आणण्याआधी त्याने शिकवणं नेमकं कसं सुधारेल, हे ठरवा. सिम्युलेशन चालू असताना ‘आता काय बदललं, का बदललं?’ असं विचारणारे शिक्षक शेजारी हवेतच.

आणि मूल हे सगळं पाहणार कुठे? क्रॉयडन कौन्सिलने 2020 आणि 2022 मध्ये आर्थिक दिवाळखोरीसारखी कलम 114 ची नोटीस काढली. पुढे 2024 मध्ये ब्रॉड ग्रीन आणि शर्लीसह चार वाचनालयं बंद करण्याचा निर्णय झाला. ज्या घरात भावंडांत मिळून एकच फोन आहे, तिथल्या मुलाच्या हातून अभ्यासाची एक फुकट जागा गेली. शाळांनी वर्ग सुटल्यावर तासभर संगणक कक्ष उघडा ठेवला, तरी या मुलांची मोठी सोय होईल.

क्रॉयडनमधल्या मराठी पालकांनाही यात करण्यासारखं आहे. ‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत, त्यामुळे इंग्रजीत शास्त्र न शिकलेली आईसुद्धा मुलाशेजारी बसून तो तराजू हलवू शकते. शाळेच्या पालकसभेत मुलाची श्रेणी तर सगळेच विचारतात. त्यासोबत मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतंय आणि त्यासाठी घरी काय दाखवायचं, हेही शिक्षकांकडून लिहून घ्यावं.