सातबारा आपला, विहीर कोणाची?

साथींनो, सातबारा आपल्या नावचा अन् विहीर नासलेली, तर वावर काय कामाचं? राजस्थानातल्या बिछडीत एच-ॲसिडच्या कारखान्यांनी गावच्या विहिरी नासवल्या. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सफाईचा खर्च कारखानदारांवरच टाकला.

उद्या धामणगाव रेल्वे तालुक्यात औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरीला वास सुटला, तर साहेब म्हणतील, 'पाणी मुळातच खारं हाय.' पण खारपाण पट्टा पूर्णेकाठचा, आपण वर्धेकाठचे! म्हणून कारखान्याच्या वरच्या अन् खालच्या अंगाच्या विहिरींचं पाणी एकाच दिवशी, पंचांसमोर भरा अन् तपासणीला द्या. फरक निघाला की ग्रामसभेचा ठराव घेऊन प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याला विहिरीवर आणा. १९७४ च्या पाणी कायद्यात जमिनीखालचं पाणीही येतं. वावरासाठी लढलो, तसं पाण्यासाठीही लढू.