लक्ष द्यायचे कुठून?

'लक्ष' हा शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, ते एकदा मोजून पाहा. दुधावर लक्ष ठेवायचे, अभ्यासात लक्ष घालायचे, वडीलधाऱ्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे. आणि एवढे करून ते उडायचे तेव्हा उडतेच! क्रियापद बदलले की लक्षाची जात बदलते, हे मी वर्गात नेहमी सांगतो. वैद्यकशास्त्रही असाच भेद मानते, हे मात्र मला चारकोपच्या आमच्या शेजाऱ्यांमुळे कळले.

डोक्याला मार लागून हे गृहस्थ इस्पितळात होते. घरी आले ते हिंडतेफिरते. पण हिशेब चुकू लागले, गॅस चालूच राहू लागला. "ह्यांचं मेलं घरात लक्षच नाही हो, भावोजी!" वहिनी म्हणाल्या. काळजीपेक्षा त्यात रागच अधिक होता.

डॉक्टरांनी त्यांना मानसशास्त्रज्ञाकडे चाचण्यांना धाडले. चाचण्या दिसायला अगदी पोरखेळ! ऐकलेले आकडे तसेच म्हणायचे, मग उलट क्रमाने म्हणायचे. आकड्यांनी भरलेल्या कागदावरचे सहा आणि नऊ तेवढे खोडायचे. निळ्या शाईत 'लाल' असे छापलेले असते. तिथे शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती भल्याभल्यांची जीभ अडखळवते. वेळ आणि चुका, दोन्हींची नोंद होते.

पण किती चुका म्हणजे फार? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली अशा चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला, त्यात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष भेद पाहून प्रमाणे ठरवली आहेत. चौथी शिकलेल्या आजीला एम. ए. झालेल्या प्राध्यापकाच्या मापाने मोजायचे नाही, हे किती शहाणपणाचे! शिवाय जागरण, उदासपणा, औषधे यांनीही गुण घसरतात. म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल देत नाहीत.

आमच्या शेजाऱ्यांना आकडे बिनचूक म्हणता आले. खोडण्याच्या कामात मात्र थोड्याच वेळात चुकांवर चुका. लक्ष लागत होते, टिकत नव्हते! आता त्या घरात हिशेब सकाळी, टीव्ही बंद ठेवून, थोडा थोडा होतो. गॅसकडे वहिनी पाहतात. मुख्य म्हणजे बोलणी थांबली आहेत.

व्याकरणात 'लक्ष दे' हा आज्ञार्थ. पण जे माणसापाशी शिल्लकच नाही, ते त्याने द्यायचे कुठून?