मिसरीची डबी आणि गर्भसंस्कार

गर्भसंस्कार हा शब्द अलीकडे शहरांतून पुष्कळ ऐकू येतो. त्याचे वर्ग निघाले, ध्वनिफिती निघाल्या. संभाजीनगर–पैठण मार्गावरील बिडकीनसारख्या गावांत मात्र अजूनही काही घरांतील गर्भावर दिवसाचा पहिला संस्कार होतो तो मिसरीचा.

‘विडी ओढता का?’ असे गरोदर भगिनीला विचारले, तर ती तोंडाला पदर लावून हसेल. तिचे उत्तर खरेच असते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया दोन टक्क्यांहूनही कमी आढळल्या. परंतु या ना त्या रूपात तंबाखूचे सेवन करणाऱ्या सुमारे 17 टक्के होत्या. तव्यावर काळी पडेस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू व्यसनात धरलीच जात नाही; ते ‘दात घासणे’ असते! गरोदरपणी हिरड्या सुजतात, मळमळते, आणि डबीत दोनदा जाणारे बोट चारदा जाऊ लागते.

मुंबईतील 1217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. मृत बालक जन्मण्याचा धोका अडीच पटींच्या घरात असल्याचे 2006 मध्ये पुढे आले. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते; मग तंबाखू चिलमीतून येवो वा बोटावरून. अडीच किलो ही जन्मवजनाची किमान रेषा. मुळातच रक्तक्षयाने पिवळ्या पडलेल्या आमच्या मातेच्या बाळाला शंभर ग्रॅमची ही उधळपट्टी परवडणारी नाही.

‘पूर्वापार चालत आले आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही. तंबाखू पोर्तुगीजांनी या देशात आणली. आमच्या आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांना ती ठाऊकही नव्हती. परक्यांनी दिलेले हे विष आम्ही परंपरा म्हणून मिरवावे, याला काय म्हणावे?

तंबाखूयुक्त दंतमंजनावर 1992 मध्ये बंदी आली, राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये. परंतु घरच्या तव्यावर कोणता निरीक्षक धाड घालणार? तेथे पोहोचते ती आशाताई, बचत गटातील शेजारीण, आमच्या सेवाकार्यातील भगिनी. त्यांनी धूम्रपानाची मोघम चौकशी न करता मिसरीचे नाव घेऊनच विचारले पाहिजे, तेही न रागावता. रागावले की डबी केवळ लपते. घरातील पुरुषाने विडी अंगणाबाहेर नेली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. आणि सासूबाई स्वतः चुलीपाशी मिसरी लावत बसल्या असतील, तर एकट्या सुनेला उपदेश करून काय साधणार? दोघींची डबी एकाच दिवशी बंद व्हावी लागेल. पहिले काही दिवस तलफ येते, चिडचिड होते. त्या दिवसांत सोबत लागते. केंद्र सरकारची 1800-11-2356 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा याचसाठी आहे. हा क्रमांक डोहाळजेवणाच्या दिवशीच घराघरांतून पोहोचवता येईल.