इंग्रजीतले आर्जव

ज्या भाषेत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, आणि 'बस', 'बसा' किंवा 'बसावे' असे म्हणताक्षणीच समोरच्याचा मान आपोआप नमूद होतो, त्या भाषेत वाढलेला माणूस विलायतेत जाऊन इंग्रजी बोलू लागला, की त्याच्याविरुद्धची पहिली तक्रार पुष्कळदा व्याकरणाची नसते, उद्धटपणाची असते. ही तक्रार मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. लंडनच्या कचेरीत नुकताच रुजू झालेला आपल्याकडचा तरुण अभियंता शेजारच्या सहकाऱ्याला 'सेंड मी द फाइल' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हुकूम नसतो; 'फाइल पाठवा' या वाक्यातला शेवटचा आकार जो आदर निमूटपणे वाहून नेतो, तो वाहण्याची सोय इंग्रजी आज्ञार्थात नाही, एवढाच काय तो त्याचा अपराध.

अशी सोय इंग्रजीतही एके काळी होती. 'दाऊ' हे एकेरी आणि 'यू' हे अनेकवचनी व आदरार्थी, हा भेद शेक्सपिअरच्या नाटकांतून पदोपदी आढळतो. पुढे १७ व्या शतकात एकेरी रूप शिष्ट व्यवहारातून मागे पडत गेले, आणि ज्या क्वेकर पंथीयांनी ईश्वरापुढे सारे समान या श्रद्धेने न्यायाधीशांनाही 'दाऊ' म्हणण्याचा आग्रह धरला, त्यांना त्यापायी सरकारदरबारी रोष पत्करावा लागला. राजापासून द्वारपालापर्यंत सर्वांना एकच सर्वनाम उरल्यावर, तेथून निघालेला मान क्रियापदांच्या आश्रयाला गेला असावा, असे मला वाटते. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी' हे वाक्य पाहा. मदत आत्ता हवी आहे, पण क्रियापद भूतकाळात ठेवले आहे. ती इच्छा मागे कधीतरी मनात येऊन गेली, आज तिचा हट्ट नाही, आणि ऐकणाऱ्याने नाही म्हटले तरी दोघांपैकी कोणाचीही अब्रू जाणार नाही, अशी तजवीज त्या एका भूतकाळाने करून ठेवली आहे. रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९७३ साली सौजन्याचे तीन नियम मांडले: दुसऱ्यावर काही लादू नये, त्याला पर्याय ठेवावा आणि त्याला बरे वाटेल असे वागावे. यांतला मधला नियम हाच इंग्रजी शिष्टाचाराचा गाभा होय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना वाक्यरचना आली, अर्जातले 'आय बेग टु स्टेट'ही आले. नकाराला वाट मोकळी ठेवून मागण्याची ही रीत मात्र माणसांत वावरूनच अंगी येते.

रोखठोकपणाचा अभिमान बाळगणारे आपल्यातले पुष्कळ लोक या आडवळणाला ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. सांगून आलेले स्थळ नाकारताना, पत्रिका उघडूनही न पाहता 'पत्रिका जुळत नाही' असे कळवण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे; वधूपित्याला उत्तर मिळते, ते पक्के आहे हेही समजते, आणि मुलीच्या रूपाविषयी किंवा घरच्या ऐपतीविषयी एक अक्षरही न निघाल्यामुळे पुढच्या लग्नसमारंभात दोन्ही घरची माणसे एका पंगतीत जेवू शकतात. त्या उत्तरात जी करुणा आहे तीच 'आय ॲम अफ्रेड' या इंग्रजी शब्दांनी सुरू होणाऱ्या नकारात आहे.

अडचण येते ती ऐकण्यात. इंग्रज साहेब 'यू माइट वॉन्ट टु हॅव अ लुक ॲट धिस' असे म्हणाला, तर ती बहुधा ताकीद असते, आणि नवखा माणूस तिला ऐच्छिक सल्ला समजून कागद बाजूला ठेवतो. 'क्वाइट गुड' हे अमेरिकन माणसाच्या तोंडी कौतुक, तर ब्रिटिश माणसाच्या तोंडी पुष्कळदा 'ठीक आहे' एवढेच असते. आडवळणाने बोलणारा आपल्या अर्थाचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या हवाली करतो, म्हणून ऐकणाऱ्याची जबाबदारी वाढते; आणि तो जितका वरच्या हुद्द्यावर, तितकी ती अधिक वाढते, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियातील इमजिन नदीवर चिनी सैन्याच्या रेट्याखाली सापडलेल्या ब्रिटिश ब्रिगेडच्या प्रमुखाने, ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी, आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती 'अ बिट स्टिकी' असल्याचे कळवले, आणि थोडीशी अडचण आहे एवढाच त्याचा अर्थ घेतला गेला, असे सांगतात. त्या लढाईत ग्लॉस्टरशायर पलटणीचे पाचशेहून अधिक शिपाई व अंमलदार शत्रूच्या कैदेत गेले.

त्याहून मला अस्वस्थ करते ती २५ जानेवारी १९९० ची रात्र. बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला निघालेले आव्हिआंका कंपनीचे बोइंग ७०७ विमान खराब हवामान आणि गर्दी यांमुळे एकंदर ७७ मिनिटे आकाशातच घिरट्या घालत ठेवले गेले; उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा कप्तानाने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये बजावले, की आणीबाणी आहे असे त्यांना सांग. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंग्रजीत कळवले ते एवढेच, की आम्ही पुन्हा प्रयत्न करू, आमचे इंधन संपत आले आहे. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नाही. नियंत्रकाने विमान सुमारे १५ मैल ईशान्येकडे नेऊन परत वळवण्याचा बेत सांगून, हे तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना, असे विचारले. त्यावर उत्तर गेले, 'आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.' त्यानंतर काही मिनिटांतच इंजिने बंद पडली, विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे टेकडीवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ माणसे मेली. आणीबाणीची स्थिती कळवण्यात वैमानिक चुकले, असा ठपका चौकशीअंती ठेवण्यात आला व तो योग्यच होता. परंतु परक्या भाषेत, परक्या अधिकाऱ्यापुढे, आभार मानून बोलणाऱ्या त्या माणसाला 'किती मिनिटांचे इंधन उरले आहे?' असा सरळ प्रश्न त्या क्षणी कोणी केला असता, तर त्याला आकड्यातच उत्तर द्यावे लागले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत आता कनिष्ठ कर्मचाऱ्यांना तीन वाक्ये क्रमाने शिकवतात: 'आय ॲम कन्सर्न्ड', 'आय ॲम अनकम्फर्टेबल', 'धिस इज अ सेफ्टी इश्यू'. पहिल्यात आर्जव आहे, दुसऱ्यात ते कमी झाले आहे आणि तिसऱ्यात मुळीच नाही. ते तिसरे वाक्य कानी पडल्यावर शल्यविशारद कितीही नामांकित असो, त्याने काम थांबवून बोलणाऱ्याचे ऐकून घ्यावे, अशी त्यामागची शिस्त आहे. आपल्याकडून विलायतेच्या इस्पितळांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना ज्या वर्गांत 'कुड यू प्लीज' आणि 'वुड यू माइंड' शिकवतात, त्याच वर्गांत, त्याच आठवड्यात, ही तीन वाक्येही त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतली पाहिजेत.