रवंथ आणि चर्वितचर्वण

"काकू, तुम्ही फार रूमिनेट करता," समोर बसलेल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, आणि खरं सांगते, मला रागच आला. इंग्रजी माझं बेताचंच. बी. ए. मराठी घेऊन केलं, पुढची सगळी नोकरी मराठी शाळेत. पण चौथीच्या पोरांना रवंथ करणारे प्राणी इतकी वर्षं शिकवले, त्यामुळे 'रूमिनंट' म्हणजे काय ते ठाऊक होतं. अंधेरीला घरी परतताना रिक्षात सुनेला म्हटलं, "म्हणजे मी काय म्हैस आहे का गं?" ती हसली. तिला पाहून मीही हसले. कितीतरी महिन्यांनी.

थोडं मागचं सांगते. नातेवाईकांना हे माहीत आहे, इतरांना नसेल. तेव्हा ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते. त्या रात्री जेवणानंतर हे म्हणाले, छातीत जळजळतंय. मी ओव्याचं पाणी दिलं. पित्त असेल, सकाळी बघू, असं मीच म्हटलं. पहाटे नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर रोज पहाटे चारच्या सुमारास मला जाग यायची आणि तोच प्रश्न समोर उभा राहायचा. ओव्याच्या पाण्याऐवजी रिक्षा बोलावली असती तर? प्रश्न तोच, उत्तर नाही, पुन्हा प्रश्न. बाई ज्याला रूमिनेट म्हणाल्या ते हेच.

शिक्षकाची खोड जात नाही. राग ओसरल्यावर शब्दाच्या मागे लागले. लॅटिनमध्ये 'रूमेन' म्हणजे घसा. गाईगुरांच्या पहिल्या मोठ्या पोटालाही आज तेच नाव आहे. त्यावरून रवंथ करण्याचं क्रियापद झालं, आणि खोल विचार करणं हा अर्थही लॅटिनमध्येच त्याला चिकटला. ख्रिस्ती मठांत धर्मग्रंथातलं वाक्य सावकाश पुटपुटत, मनात घोळवत राहायचे, त्याला हाच शब्द होता. संत ऑगस्टीन यांनी सुमारे १६०० वर्षांपूर्वी आपल्या आत्मचरित्रात स्मृतीला मनाचं पोट म्हटलं आहे. सुखदुःखं म्हणजे गोड आणि कडू घास. ते पोटात साठतात, पण तिथे त्यांची चव लागत नाही. आठवण काढणं म्हणजे रवंथ करणं. मग ती कडू चव पुन्हा तोंडात का येत नाही, असं ते विचारतात. मला मात्र रोज पहाटे येत होती!

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला. देवलांच्या 'झुंजारराव'मुळे आपल्याकडे ओळखीचं झालेलं 'ऑथेल्लो' घ्या. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो इयागोला म्हणतो, तुझ्या मनात जे घोळतंय ते मला सांग, आणि तिथे शब्द वापरतो तो रूमिनेट. इयागोने सांगितलं आणि संसाराची राख झाली. म्हणजे साधूंच्या तोंडचा हा शब्द तेव्हाच विषालाही चालत होता.

त्याला पुरतं बदनाम केलं ते मात्र अलीकडे मानसशास्त्राने. अमेरिकेतल्या सुझन नोलेन-होक्सेमा या बाईंचं यात मोठं काम आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोन आठवडे आधीच त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची पाहणी केली होती. भूकंपानंतर पुन्हा पाहणी केली. ज्यांना आधीपासून आपली उदासी उगाळत बसायची सवय होती, ते नंतरही जास्त खचलेले आढळले. तेव्हापासून 'रूमिनेशन' हा जवळजवळ आजारच ठरला.

पण मला जास्त आवडलं ते त्यांचं आणि सहकाऱ्यांचं २००३ सालचं काम. त्यांनी या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दाखवलं. एक 'रिफ्लेक्शन', म्हणजे चिंतन. दुसरं 'ब्रूडिंग'. हा शब्द अंड्यांवर बसणाऱ्या कोंबडीवरून आलेला. आपण खुडूक कोंबडी म्हणतो ना, तीच! चिंतनाने त्या वेळी त्रास होतो, पण काळ जातो तशी उदासी कमी होते. खुडूक बसण्याने ती वाढत जाते.

हे वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर मराठीला कधीपासून माहीत आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत. रवंथ आणि चर्वितचर्वण. रवंथ संस्कृत 'रोमंथ'वरून आला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा हरणांनी सावलीत कळपाने बसून निवांत रवंथ करावं असं म्हणतो. डोक्यावरचं भय टळल्याची ती खूण आहे. चर्वितचर्वण म्हणजे चावून चोथा झालेलं पुन्हा चावणं. त्याला आपण नेहमीच नावं ठेवतो. बरं, चर्वण तरी मुळात वाईट कुठे? बी. ए. ला साहित्यशास्त्रात शिकलो होतो, अभिनवगुप्त रसाच्या आस्वादालाच चर्वणा म्हणतो. वाईट आहे ते रस संपल्यावरही चावत राहणं.

१९८०च्या सुमारास मी वर्गाची सहल आरे कॉलनीत नेत असे. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये ती दुग्ध वसाहत उभी राहिली. पोरं म्हशींसमोर उकिडवी बसून बघत राहायची. म्हैस भराभर खाते, अर्धवट चावलेलं गिळते. मग निवांत बसून तोच घास तोंडात आणते, बारीक चावते. आणि मुख्य म्हणजे पुन्हा गिळते. असं करत करत तो चारा तिसऱ्या, चौथ्या कप्प्यात जातो आणि अंगी लागतो. एकच घास आयुष्यभर चघळणारी म्हैस मी तरी पाहिली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बाईंनी शब्द चुकीचा वापरला. मी रवंथ करत नव्हते. केला असता तर बरं झालं असतं! मी घास गिळतच नव्हते. "विचार करू नका", "मन रमवा", असं मला किती जणांनी सांगितलं. सगळे मायेनेच सांगत होते. पण न चावलेलं पोटात तसंच पडून राहिलं तर म्हैससुद्धा आजारी पडते. विचार थांबवणं हा उपाय नव्हे, तो पुढे सरकवणं हा उपाय.

शेवटी मी एक वही घेतली आणि ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढली. किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं, मी काय केलं. मग ती वही घेऊन आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, माझं चुकलं का? त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, छातीत जळजळलं की पुष्कळांना पित्तच वाटतं. लवकर आणलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता, खात्री कुणीच देऊ शकत नाही. कडू होतं, पण त्या दिवशी घास खाली गेला.

आता आमच्या घरी फ्रीजवर १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. साठीपुढच्या माणसाच्या छातीत जळजळलं तर ओवा नाही, आधी फोन, हे मी नातवंडांपासून पुण्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना बजावलं आहे. एवढंच अंगी लागलं, पण लागलं.

पहाटे जाग अजूनही येते. प्रश्नही येतो. मी त्याला थोडा वेळ चावते, आणि उठून चहा टाकते.